अ‍ॅलर्जीची गोळी आणि गाडी चालवताना येणारी सुस्ती: माझा अनुभव

लक्षण असं: रात्री लेव्होसेटिरिझिन घेतली की शिंका थांबायच्या, पण सकाळी चाकणला गाडी नेताना डोकं जड. डोळे उघडे, पण पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट लागले की पाय क्षणभर उशिरा हलायचा. हे जास्त वाईट. पेंग निदान कळते तरी.

गोळी संध्याकाळी लवकर घेऊन पाहिली, कडक चहाही झाला. गोळी बंद केली तर स्टिअरिंगवर सलग शिंका, आणि शिंकताना डोळे मिटतातच. पार वैतागलो होतो.

शेवटी लागू पडलं ते असं. डॉक्टरांना आधी सांगितलं, की मी रोज गाडी चालवतो. त्यांनी फेक्सोफेनाडिन १२० मिग्रॅ लिहून दिली. ही मेंदूत फारशी शिरत नाही, म्हणून सुस्ती क्वचितच आणते. तरी क्वचित येते म्हणून पहिली गोळी रविवारी घेतली आणि दिवसभर गाडीच्या किल्लीला हात लावला नाही. त्रास नाही हे बघून मग रोज सकाळी नाश्त्याआधी, साध्या पाण्यासोबत. संत्र्याचा किंवा सफरचंदाचा रस सोबत नाही, त्याने गोळी कमी शोषली जाते. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड घ्यायचं असेल तर मध्ये दोन तास जाऊ द्यायचे.

आणि हो, मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली तर पट्टीमागे क्लोरफेनिरामिन लिहिलंय का ते बघा. त्यानेही झोप येते. असेल तर मी त्या दिवशी सरळ बसने जातो.