कॉलेजमधून मदतनिधी गोळा करताय? या चुका टाळा, आणि झाल्याच तर असं निस्तरा

आधी गोळा करायचं, मग विचारायचं

पहिल्या वर्षाला असताना आम्ही एका वृद्धाश्रमासाठी जुने कपडे गोळा केले होते. आठ दिवस प्रत्येक वर्गात जाऊन सांगितलं, होस्टेलच्या जिन्याखाली पोत्यांची रांग लागली, सगळ्यांना फार भारी वाटत होतं. पोती घेऊन गेलो तर तिथल्या ताई म्हणाल्या की ठेवायला जागाच नाहीये, गेल्या महिन्यात दोन ग्रुप कपडेच देऊन गेलेत. त्यांना हवे होते मोठ्या माणसांचे डायपर, आणि आजी-आजोबांना दवाखान्यात नेताना सोबत येणारं कुणीतरी. आमचं मन मोडू नये म्हणून त्यांनी चार पोती ठेवून घेतली आणि ती निवडण्यात त्यांचे दोन दिवस गेले हे मला नंतर कळलं, अजून आठवलं की वाईट वाटतं.

त्यामुळे पोस्टर बनवायच्या आधी एक फोन करा, जमलं तर जाऊनच या. काय हवंय, किती हवंय, कधीपर्यंत हवंय आणि ठेवायला जागा आहे का, एवढं विचाराच. आणि एक प्रश्न कुणीच विचारत नाही तो म्हणजे काय *नको* आहे. समोरची माणसं भिडेपोटी स्वतःहून सांगत नाहीत, पण विचारलं की लगेच सांगतात.

औषधांच्या बाबतीत तर जास्तच सांभाळा. घरात उरलेल्या अर्धवट स्ट्रिप गोळा करायची आयडिया दर वर्षी कुणाला तरी सुचतेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधांच्या देणगीसाठी नियम काढले, त्यात सरळ लिहिलंय की एकदा रुग्णाच्या हातात गेलेलं औषध परत घेऊन दान करायचं नाही, आणि दुसऱ्या देशात पाठवलेल्या औषधाची तिथे पोचल्यावर किमान एक वर्ष मुदत बाकी पाहिजे. ते नियम मोठ्या मदतीसाठी आहेत, पण कारण आपल्यालाही तेवढंच लागू होतं, ते औषध कुठे कसं ठेवलं होतं हे कुणालाच माहीत नसतं.

वस्तू आधीच गोळा झाल्या असतील आणि नको असल्याचं आता कळलं तर? सगळ्यात आधी गोळा करणं थांबवा, त्याच दिवशी, आणि ग्रुपवर खरं कारण टाका. मग वस्तू आपणच निवडायच्या, फाटकं वेगळं, चांगलं वेगळं, हे काम संस्थेच्या गळ्यात घालायचं नाही. चांगल्या वस्तू विकून पैसे द्यायचे असतील तर देणाऱ्यांना आधी सांगा, एखाद्याला आवडणार नाही, त्याची वस्तू त्याला परत द्या.

पैशाचा हिशोब

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण चांगली चांगली मैत्री यावरून तुटलेली मी बघितलीय, आणि एकानेही पैसे खाल्ले नव्हते तरी.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एकाच मुलाच्या पर्सनल अकाउंटचा क्यूआर कोड. सोपं असतं, पाच मिनिटात चालू होतं. पण मग त्याच खात्यात त्याचे घरून आलेले पैसे, मेसचे पैसे आणि मदतीचे पैसे एकत्र होतात आणि दोन महिन्यांनी कुणी विचारलं तर त्या बिचाऱ्याला शंभर एन्ट्री बघत बसावं लागतं. शक्यतो कॉलेजच्या किंवा ज्या संस्थेला मदत करताय तिच्याच खात्यात थेट पैसे जाऊ द्या. ते होतच नसेल तर ज्या खात्यात दुसरा काहीच व्यवहार नाही असं एक खातं वापरा आणि स्टेटमेंट दोघांनी बघायचं असं पहिल्याच दिवशी ठरवा. आणि कॉलेजची परवानगी तोंडी घेऊ नका, एक ओळीचा का होईना पण ईमेल असू दे. रस्त्यावर डबा घेऊन फिरणार असाल तर त्याला वेगळी परवानगी लागते का हे पण आधीच विचारून घ्या.

कॅशचं म्हणाल तर डबा सील केलेला पाहिजे आणि तो एकट्याने उघडायचा नाही. दोघांनी बसून मोजायचं, कुठल्या नोटा किती, नाणी किती, असं कागदावर लिहून दोघांनी सही करायची, फोटो काढायचा, आणि हे त्याच दिवशी. उद्या मोजू म्हणून बॅगेत ठेवलेला डबा हीच बहुतेक भांडणांची सुरुवात असते. पावतीपुस्तकाला नंबर असू द्यात, आणि कुठलं पुस्तक कुणाकडे आहे याची यादी ठेवा. फाटलेली किंवा चुकलेली पावती फेकू नका, 'रद्द' लिहून पुस्तकातच राहू द्या.

अजून एक, जमलेल्या कॅशमधून परस्पर खर्च करायचा नाही. प्रिंटिंगचे, रिक्षाचे पैसे डब्यातून काढले आणि उरलेली रक्कम लिहिली की नेमके किती जमले हे नंतर कधीच कळत नाही. पूर्ण जमा आधी लिहा, खर्च वेगळ्या कॉलममध्ये दाखवा, बिलासकट.

आता, हिशोब जुळतच नाहीये तर? आमचा एकदा कमी भरला आणि आमच्या खजिनदार मैत्रिणीने कुणाला न सांगता स्वतःच्या खिशातून फरक भरला. मनाने चांगलीच होती ती, पण नंतर एक राहिलेली पावती सापडली आणि आता रक्कम जास्त झाली, मग ती का जास्त झाली हे कुणालाच सांगता येईना आणि जिने भरले तिच्यावरच संशय आला. म्हणून फरक असेल तर तो फरक म्हणूनच लिहा, 'मोजणीत एवढे कमी, कारण सापडलं नाही', खाली दोघांच्या सह्या. लोक छोटा फरक समजून घेतात, लपवलेला नाही घेत.

नावं जाहीर करण्याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. १८८५ मध्ये न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पैसे कमी पडत होते, तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या पेपरात जाहीर केलं की रक्कम कितीही छोटी असू दे, देणाऱ्याचं नाव छापणार. साधारण पाच महिन्यांत एक लाख डॉलरच्या वर जमले आणि बहुतेक देणग्या एक डॉलरपेक्षाही कमी होत्या. आपण तेच एका शीटवर करू शकतो, रोज संध्याकाळी अपडेट करून, फक्त ज्याला नाव नकोय त्याच्यापुढे 'एक हितचिंतक' लिहा.

आणि पैसे ठरल्यापेक्षा कमी किंवा जास्त जमले तर काय करणार हे पोस्टरवरच लिहा. नंतर ठरवायला गेलात तर प्रत्येकाचं मत वेगळं निघतं, आणि देणाऱ्याने कशासाठी दिले होते ते बाजूलाच राहतं.

'गरजूंना मदत करा' एवढंच लिहिणं

कोण गरजू, कसली मदत? वाचणारा पुढे स्क्रोल करतो. 'वाचनालयातल्या मुलांसाठी बारा खुर्च्या, एका खुर्चीचे इतके, आज सात झाल्या' असं लिहिलं की माणूस एका खुर्चीचा विचार करायला लागतो. २००७ मध्ये स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक या संशोधकांनी एक प्रयोग छापला होता, त्यात लोकांना एकाच मुलीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी जास्त पैसे दिले, आणि त्याच गोष्टीला मोठी आकडेवारी जोडली तर कमी दिले. म्हणजे पोस्टरवर आकड्यांचा भडिमार नको, आकडे विचारणाऱ्यासाठी तयार ठेवा.

पण याचा अर्थ एखाद्या लहान मुलाचा रडका फोटो टाका असा घेऊ नका, प्लीज. त्या मुलाला उद्या त्याच शाळेत जायचंय. फोटो हवाच असेल तर त्याला आणि घरच्यांना दोघांना विचारून, आणि कुठे टाकणार आहात ते सांगून. नाही म्हणाले तर विषय संपला, मदत तरीही तेवढीच द्यायची. काम करतानाचे हात, रंगवलेली भिंत, नवीन खुर्च्या, हे फोटो पुरतात.

ग्रुपमध्ये ऐंशी जण, सकाळी आले नऊ

हे सगळ्यांच्या बाबतीत होतं आणि मुलं आळशी आहेत म्हणून होतं असं मला वाटत नाही. १९६८ मध्ये डार्ली आणि लताने यांनी एक प्रयोग केला होता, इंटरकॉमवर कुणालातरी फिट आल्याचं ऐकू येतं. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं त्यांच्यातले ८५ टक्के लोक फिट चालू असतानाच मदत बोलवायला उठले, आणि अजून चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटलं त्यांच्यात तेवढ्या वेळात उठले फक्त ३१ टक्के. 'उद्या सगळ्यांनी या' या मेसेजचं नेमकं हेच होतं, प्रत्येकाला वाटतं बाकीचे आहेतच की.

म्हणून मेसेज सगळ्यांना नको, एकेकाला. 'तू नऊ ते अकरा नोंदणीच्या टेबलावर, तुझ्यासोबत अमुक, अकरा वाजता तुझ्या जागी तमुक येणार.' दोन तासांच्या शिफ्टला लोक हो म्हणतात, दिवसभराला नाही म्हणतात, किंवा हो म्हणून येत नाहीत. आदल्या संध्याकाळी फोन. परीक्षेचं टाइमटेबल बघूनच तारीख ठरवा, सबमिशनच्या आठवड्यात तर अजिबात नको. तरीही आयत्या वेळी कमी आले तर काम कमी करा, आलेल्या नऊ जणांकडून ऐंशी जणांचं काम करून घेतलंत तर पुढच्या वेळी ते नऊ पण येणार नाहीत.

रक्तदान शिबिराचं थोडं

हजार बाटल्यांचा रेकॉर्ड करण्याच्या नादाला लागू नका. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये साधारण ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवसांच्या आसपास, त्यामुळे एकाच दिवशी खूप रक्त आलं आणि पुढचे तीन महिने काहीच नाही, याचा दवाखान्याला म्हणावा तसा उपयोग होत नाही. रक्तपेढीलाच विचारा की तुमच्याकडे कधी तुटवडा असतो आणि एका दिवसात किती घेऊ शकता. वर्षात एक मोठं घेण्याऐवजी तीन-चार छोटी घ्या, बहुतेक वेळा तेच त्यांना सोयीचं पडतं. आणि वजन किंवा हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेल्या मुलामुलींना तिथेच दुसरं काम द्या, ते नाराज होऊन जातात.

सुरू करून सोडून देणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. दर शनिवारी वस्तीतल्या मुलांना शिकवू म्हणून सुरू करायचं, पहिले तीन शनिवार पंधरा जण जायचं, परीक्षा आली की बंद. मुलं मात्र वह्या घेऊन येऊन बसलेली असतात. जेवढं नक्की जमणार आहे तेवढंच बोला, सहा आठवडे तर सहा आठवडे, आणि शेवटचा दिवस कुठला ते मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. लहान मुलांसोबत कुणीही एकटं थांबायचं नाही, कायम दोघं, हा नियम कितीही ओळखीचा मुलगा असला तरी.

आधीच बंद पडलं असेल तर गुपचूप गायब होऊ नका. एकदा जा, भेटा, मुलांच्या आईवडिलांना सांगा की आता जमत नाहीये, वह्या-पुस्तकं देऊन या. अवघड जातं, मी गेलेय, पण जा.

आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी, निघायच्या आधी एक फाइल करून ठेवा. संस्थेत कुणाला फोन करायचा, मागचा हिशोब, परवानगीचा ईमेल, काय फसलं आणि का, क्यूआर कोड कुणाच्या नावावर आहे, पावतीपुस्तकं कुठल्या कपाटात आहेत आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे. दुसऱ्या वर्षाच्या दोघांना समोर बसवून ती फाइल वाचून दाखवा, फक्त लिंक पाठवू नका, आणि त्यातल्या एकाला तरी संस्थेत सोबत घेऊन जाऊन ओळख करून द्या.