पेरू की सफरचंद? दोन फळांच्या पोषणाची तुलना नीट कशी करावी

आजाऱ्याला भेटायला जाणारा माणूस मंडईतून हमखास सफरचंदं उचलतो. समोर पेरूचा ढीग असला तरी तिकडे हात जात नाही. कारण विचारा, 'सफरचंद पौष्टिक असतं' एवढंच ऐकायला मिळतं. कशाच्या मानाने, कोणासाठी, किती, याचा हिशोब कुणी केलेला नसतो. तो घरी बसून अर्ध्या तासात होतो. कागद, पेन, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पुरे.

आधी प्रश्न नेमका करा. 'जास्त पौष्टिक कोणतं' या प्रश्नाला उत्तर नसतं. 'मधुमेह असलेल्या बाबांना चार वाजता काय द्यावं', 'मुलीच्या डब्यात काय घालावं' या प्रश्नांना असतं. प्रश्न ठरला की रकाने आपोआप ठरतात. फळांसाठी मी कर्बोदकं, तंतू (म्हणजे फायबर), क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम एवढेच रकाने घेते. लोहाचा रकाना सरळ खोडा. चिरलेलं सफरचंद काळं पडतं म्हणजे त्यात लोह भरपूर, हे घरोघरी सांगितलं जातं आणि ते साफ चूक आहे. काळेपणा येतो तो चिरल्यावर हवा लागून, फळातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे). लोह दोन्ही फळांत नावापुरतंच असतं.

मग तक्ता निवडा, म्हणजे १०० ग्रॅम पदार्थात कोणता घटक किती ते सांगणारी यादी, आणि दोन्ही फळांचे आकडे त्याच एका तक्त्यातून घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ सालचा भारतीय तक्ता आहे, अमेरिकेच्या कृषी खात्याचाही आहे. दोन्ही चांगले. पण पेरू एकातून आणि सफरचंद दुसऱ्यातून घेतलंत तर पुढचं सगळं गणित वाया गेलं. भारतीय तक्त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. तिला ४.१८४ ने भागा, की आपल्या ओळखीच्या कॅलरी मिळतील. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रांतले आकडे घेऊच नका. ते कुठून उचलले हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

अमेरिकी तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम पेरूत कर्बोदकं १४.३ ग्रॅम, तंतू ५.४ ग्रॅम, क जीवनसत्त्व २२८ मिलिग्रॅम आणि पोटॅशियम ४१७ मिलिग्रॅम. सालीसकट सफरचंदात कर्बोदकं १३.८, तंतू २.४, क जीवनसत्त्व ४.६ आणि पोटॅशियम १०७. हे आकडे सरासरीचे आहेत. फळाची जात, पिकलेपण आणि साठवण यांप्रमाणे ते हलतात. आपल्याकडे हातगाडीवर दिसणारा 'सरदार' पेरू घ्या. लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून १९२७ मध्ये इथेच, पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रात, ही जात निवडली गेली. तिचा आकडा तक्त्यातल्या आकड्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. म्हणून दोन फळांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक दिसला तर तो फरक धरू नका. दुप्पट, पाचपट, पन्नासपट असेल तिथेच थांबा.

आता खरी अडचण, कर्बोदकांचा रकाना. या रकान्याने मला बरेच दिवस छळलंय, आणि बहुतेक चुकीचे सल्ले इथेच जन्माला येतात. 'पेरूत कर्बोदकं १४.३, सफरचंदात १३.८, म्हणून मधुमेह असेल तर सफरचंद बरं,' असं आत्मविश्वासाने सांगणारे भेटतात. आकडे खरे आहेत, निष्कर्ष खोटा आहे.

कारण हा आकडा येतो वजाबाकीतून. १०० ग्रॅम फळातून पाणी, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि राख, म्हणजे खनिजांचा भाग, वजा करायचे. उरेल त्याला अमेरिकी तक्ता कर्बोदकं म्हणतो. त्या उरलेल्यात साखर असते, पिष्ट असतं आणि आपल्या आतड्यात न पचणारे तंतूही असतात. रक्तातली साखर वाढवणारा भाग आणि ती सावकाश वाढावी म्हणून मदत करणारा भाग, दोन्ही एकाच आकड्यात कोंबलेले. पेरूत तंतू भरपूर, म्हणून त्याचा आकडा फुगतो. तंतू बाहेर काढा. पेरूचे १४.३ वजा ५.४, उरले ८.९. सफरचंदाचे १३.८ वजा २.४, उरले ११.४. क्रम उलटला. साखरेचा वेगळा रकाना पाहिलात तर तोही हेच सांगतो: पेरूत सुमारे ८.९ ग्रॅम, सफरचंदात १०.४.

कॅलरींच्या रकान्यातही हीच भानगड आहे. अमेरिकी तक्ता पेरूला ६८ आणि सफरचंदाला ५२ कॅलरी देतो, पण त्या तंतूंसकटच्या कर्बोदकांना गुणून काढलेल्या आहेत. तेवढ्यावरून पेरूला 'वजन वाढवणारं फळ' ठरवणं हा अन्याय आहे.

इथे एक इशारा. हे शिकल्यावर लोक उत्साहाने प्रत्येक तक्त्यातून तंतू वजा करत सुटतात. भारतीय तक्त्यात ते आधीच वजा केलेले आहेत. तिथे पुन्हा वजाबाकी केलीत तर पेरूत काही उरणारच नाही. कोणत्या तक्त्यात काय केलंय हे टिपणं न वाचताही कळतं. पाणी, प्रथिनं, स्निग्ध, राख आणि कर्बोदकं यांची बेरीज करा. अमेरिकी तक्त्यातल्या पेरूची करून दाखवते: ८०.८ अधिक २.५५ अधिक ०.९५ अधिक १.३९ अधिक १४.३२, बेरीज १०० च्या आसपास. म्हणजे तंतू कर्बोदकांच्या पोटात आहेत, वजा करा. बेरीज १०० च्या बरीच खाली राहिली आणि तंतू मिळवल्यावरच १०० झाली, तर ते आधीच बाहेर आहेत, हात लावू नका. ही बेरीज केल्याशिवाय मी कोणत्याही तक्त्यावरून मधुमेहाच्या माणसाला एक शब्द सांगत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

ओल्या आणि सुक्या फळाची १०० ग्रॅमवर तुलना करू नका. पुरंदरच्या ताज्या अंजिरात जवळपास चार-पंचमांश पाणी असतं, सुक्या अंजिरात एक-तृतीयांशापेक्षाही कमी. सुकं 'ताकदीचं' दिसतं ते एवढ्याचसाठी.

पुढची पायरी, खाण्याजोगा भाग. फळ वजन करा, खाऊन झाल्यावर उरलेलं वजन करा. सफरचंदाचा देठ-गाभा मिळून साधारण दहावा हिस्सा जातो, पेरूचं फक्त देठ-बूड. सफरचंद सोललंत तर १०० ग्रॅममागे तंतू २.४ वरून १.३ वर येतात. पेरूही सोलू नका, त्याचं क जीवनसत्त्व सालीत आणि सालीलगतच्या गरात जास्त असतं. आणि त्याची भाजी करण्यापेक्षा फोडी किंवा कोशिंबीर बरी, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं.

मग पैशांचा हिशोब. भाव रोज बदलतात, म्हणून आपल्या भाजीवाल्याचा आजचा भाव घाला. समजा पेरू ८० रुपये किलो आणि सफरचंद २०० रुपये किलो. पाच ग्रॅम तंतूंसाठी पेरू सुमारे ९३ ग्रॅम लागतो, म्हणजे साडेसात रुपये. सफरचंदाचा गर २०८ ग्रॅम लागतो, गाभा धरून २३० ग्रॅम विकत घ्यावं लागतं, ४६ रुपये. क जीवनसत्त्वाचं तर विचारूच नका. मोठ्या पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम आणि बाईला ६५ मिलिग्रॅम लागतं असं भारतीय शिफारस सांगते. ८० मिलिग्रॅम पेरूच्या दोन फोडींत मिळतं. तेवढंच मिळवायला सफरचंद पावणेदोन किलो खावं लागेल.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे या आणि खाणारा कोण ते बघा. मधुमेह, बद्धकोष्ठता, मुलांचा डबा, या सगळ्यांत माझं मत पेरूच्या बाजूने आहे. रक्तदाब असेल तर गाडीवरचं तिखट-मीठ मात्र नको म्हणा. दात हलत असतील तर बिया काढून फक्त गर द्या. पण मूत्रपिंडाचा आजार असून डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल, तर ४१७ आणि १०७ हा एकच रकाना बघायचा, बाकीचे सगळे खोडायचे. त्या घरी सफरचंदच न्या, आणि किती चालेल ते आधी डॉक्टरांना विचारा.