मधल्या सुट्टीत पोरांना खरंच खेळायला मिळावं म्हणून काय करायचं

वेळापत्रकात मधली सुट्टी किती मिनिटांची लिहिलीय ते आधी बाजूला ठेवा. एक दिवस घड्याळ घेऊन पटांगणात उभं राहा आणि चार वेळा लिहून काढा: टोल कधी पडला, पहिलं ताट कधी वाढलं, शेवटचं ताट कधी वाढलं आणि शेवटचं पोर हात धुऊन खेळायला मोकळं कधी झालं. पोषण आहार असलेल्या कितीतरी प्राथमिक शाळांत 40 मिनिटांच्या सुट्टीतली खेळायला 10 पण उरत नाहीत, आणि ती 10 पण सगळ्यांना नाही, आधी मोकळी होतात ती दांडगी पोरं, पहिलीतलं हळू जेवणारं लेकरू शेवटचा घास गिळतं तोवर दुसरा टोल पडलेला असतो.

हे का होतं त्याचं गणित सोपं आहे. समजा पट 120 चा आहे. एका ठिकाणी एकच ताई वाढतायत आणि एका ताटाला 10 सेकंद लागतात, म्हणजे नुसतं वाढायलाच 20 मिनिटं गेली. त्याच्या आधी हात धुणं. 4 नळ असतील आणि एकेका पोराला यायला, साबण लावायला, धुवायला, बाजूला व्हायला अर्धा मिनिट धरला तर 15 मिनिटं तिथेच. पोरांना कितीही "लवकर आवरा रे" म्हणून ओरडलं तरी हा वेळ कमी होत नाही, तो कमी होतो जागा वाढवल्यावर. दोन ठिकाणी वाढलं की 20 ची 10 होतात. एक लांब पाइप भिंतीला लावून त्याला 10 तोट्या बसवल्या की हात धुणं 6 मिनिटांत उरकतं. हा खर्च फार नाही, गावातला प्लंबर एका दिवसात करून देतो, ग्रामपंचायतीकडे मागितला तरी नाही म्हणायला कारण सापडत नाही. आणि वर्ग एकदम सोडू नका. पहिली-दुसरी 5 मिनिटं आधी सोडा, त्यांना खरंच जास्त वेळ लागतो.

आता महत्त्वाची गोष्ट, जमत असेल तर आधी खेळ आणि मग जेवण असा क्रम लावून बघा. आपल्याकडे उलटं असतं, आणि त्यामुळे काय होतं की पोरांचं निम्मं लक्ष पटांगणात असतं, खिचडी कशीतरी कोंबायची, भाजी बाजूला सारायची, अर्धं ताट तसंच टाकून पळायचं. पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे, पण ती पोटात गेली तर ना. आधी 15-20 मिनिटं पळू दिलं की भूक लागते, मग पोरं शांत बसून जेवतात आणि जेवून सरळ वर्गात येतात, वर्गात आल्यावर भांडणं सोडवत बसावं लागत नाही. मात्र एक बघा, काही लेकरं सकाळी घरून काही न खाता येतात, आईबाप पहाटेच कामाला गेलेले असतात किंवा ऊसतोडीला गेलेत आणि पोर आजीजवळ आहे. ही लेकरं कोणती ते वर्गशिक्षकाला माहीत असतं. त्यांना छोट्या सुट्टीत गाजावाजा न करता काहीतरी खायला द्या, केळं, शेंगदाणे-गूळ, काहीही चालेल, उपाशीपोटी पळायला लावू नका.

छोट्या सुट्टीची 10 मिनिटं लघवी आणि पाण्यासाठीच असतात, पण मुलींचं तेवढ्यात होत नाही. रांग, कडी नसलेलं दार, आत पाणी नाही, मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत म्हणजे जावं लागणार नाही. हे घरी पण कुणाला सांगत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यात (2009 चा) मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी आणि खेळायला मैदान हे सगळं शाळेच्या निकषांत लिहिलेलं आहे, तेव्हा हे कुणी उपकार म्हणून करत नाहीये. कडी बसवा, बादलीत पाणी आहे का ते रोज एक जबाबदार मोठं माणूस बघेल असं ठरवा. केरळात 2019 मध्ये शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, ती आपल्याकडे कुठल्याही शाळेला उद्यापासून करता येते, एक पैसा लागत नाही.

मैदानाकडे येऊ. पटांगण मोठं असलं तरी बघा, आठ-दहा मोठी मुलं क्रिकेट मांडतात आणि मधली सगळी जागा त्यांची होते, मुली आणि लहान पोरं कडेकडेने भिंतीला चिकटून उभी. म्हणून फक्की मारून जागा वाटून घ्या. एक कोपरा फक्त पहिली-दुसरीचा, तिथे मोठ्यांनी पाऊल टाकायचं नाही. एक भाग पळायच्या खेळांना. झाडाखाली किंवा ओट्यावर बसायचे खेळ, सागरगोटे, काचापाणी, चौकट. क्रिकेट बंद करू नका पण आठवड्यातले वार ठरवून द्या आणि बॉल प्लास्टिकचाच. विटीदांडू मात्र गर्दीत नकोच, विटी डोळ्याला लागली तर आयुष्याचं नुकसान आहे, तो मोकळ्या तासाला, मोठ्यांच्या देखरेखीत.

सामान थोडंच लागतं. उड्या मारायच्या चार-पाच दोऱ्या, दोन-तीन रिंगा, लगोरीला फरशीचे घासून गुळगुळीत केलेले तुकडे, जुने टायर. जमिनीवर ऑइल पेंटने लंगडीचे चौकोन आणि ठिक्करबिल्ला आखून ठेवले की वर्षभर बघायला नको. सामान कपाटात कुलूप लावून ठेवलं तर त्याचा उपयोग शून्य, एका पिशवीत घालून बालमंत्रिमंडळातल्या क्रीडामंत्र्याकडे द्या, तोच काढेल, तोच मोजून ठेवेल. दोरी तुटणार, बॉल हरवणार, त्यासाठीच आणलंय ते. आणि खेळ शिकवावे लागतात हे लक्षात घ्या, आताच्या पोरांना आट्यापाट्या, विषामृत, डोंगर का पाणी घरी कुणी दाखवलेलं नसतं. आठवड्याला एक खेळ परिपाठानंतर 10 मिनिटं स्वतः खेळून दाखवा, पुढे ती आपोआप खेळतात आणि नियमसुद्धा स्वतःचे घालतात.

शिक्षकाने कुठे उभं राहायचं? गेट, स्वच्छतागृहाचं दार आणि मैदान तिन्ही दिसतील अशा जागी. ऑफिसात ऑनलाइन माहिती भरत बसायचं नाही, मोबाइल खिशात. दोन शिक्षकी शाळा असेल तर एक जेवणाजवळ आणि एक बाहेर. प्रत्येक भांडणात लगेच पडू नका, आउट की नॉट आउट हे पोरांनीच मिटवायचं, त्यातूनच बोलणं शिकतात. पण मारहाण, कपड्यांवरून किंवा रंगावरून चिडवणं, आणि जेवणाच्या पंगतीत "याच्याशेजारी नाही बसणार" हे ऐकू आलं तर तिथल्या तिथे थांबवा, नंतर बघू असं म्हणूच नका. पंगत हजेरी क्रमांकाने बसवली की निम्मा प्रश्न सुटतो. एखादं पोर रोज एकटंच उभं दिसतं, त्याला "तू का खेळत नाहीस" विचारून सगळ्यांसमोर उघडं पाडू नका, साखळीसारखा खेळ सुरू करा ज्यात जो पकडला तो आत येतोच, त्याला हात धरून घेतलं जातं.

सुट्टी कापून शिक्षा करू नका. गृहपाठ राहिला, पाढे आले नाहीत, वर्गात बडबड केली म्हणून सुट्टीत बसवून ठेवणं हे इतकं सवयीचं झालंय की आपल्याला त्यात वावगं वाटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये स्पष्ट सांगितलं की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलांची सुट्टी काढून घेऊ नये. आणि जरा विचार करा, वर्गात ज्याची चुळबुळ सगळ्यात जास्त त्यालाच पळायची गरज सगळ्यात जास्त असते, त्यालाच आपण बसवतो आणि पुढचे दोन तास तो आणखी चुळबुळतो. राहिलेला अभ्यास पुढच्या तासाला 5 मिनिटं काढून करून घ्या.

खेळाने अभ्यास बुडतो म्हणणाऱ्या पालकांना दोन गोष्टी सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, आणि शाळा-ट्यूशन-मोबाइलच्या दिवसात ती होणार कुठे? दुसरी चष्म्याची. तैवानमध्ये लहान वयात चष्मे लागायला लागले म्हणून 2010 पासून शाळांनी मुलांना रोज 120 मिनिटं उजेडात बाहेर ठेवायचं ठरवलं, त्यात सुट्टीत वर्ग रिकामे करणं आलंच. पालक चष्म्याचं लगेच ऐकतात.

डब्याच्या शाळांमधल्या आईबाबांसाठी पण थोडं. 20 मिनिटांत पोराला डबा उघडता आला पाहिजे, तेव्हा घट्ट झाकण आणि पाच कप्पे नकोत, पोळीचा रोल, थालीपीठ, घावन असं हातात धरून खाता येईल ते द्या. डबा परत आला म्हणून रागावण्याआधी विचारा, वेळ पुरला का?

ऊन-पावसाचं वेळापत्रक वेगळं ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते तेव्हा मैदान लवकरच्या सुट्टीत, नंतर सावलीत. कोकणात जून ते सप्टेंबर व्हरांडा हेच मैदान, तिथे पळापळ झाली की पोरं घसरतात, म्हणून मामाचं पत्र हरवलं, तळ्यात-मळ्यात, भेंड्या. मुंबई-पुण्यात मैदानच नसेल तर दोन पाळ्यांत सुट्टी करा, अर्धे वर्ग बाहेर, अर्धे जेवायला.

लागलं-खुपलं तर: खरचटलेलं वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायचं, हळद-माती नाही. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायला लावू नका, पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं दाबून धरा, कांदा हुंगवायची गरज नाही. डोक्याला मार बसला आणि उलटी झाली, झोप येतेय म्हणालं, बोलणं नीट नाही, तर थेट डॉक्टरकडे. पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता दुधात टाकून लगेच दातांच्या डॉक्टरकडे, तासाभरात पोचलं तर बसण्याची शक्यता चांगली असते.

आता हे सगळं मुख्याध्यापकांना पटवायचं तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा, तिच्यात 75 टक्के पालक असतात त्यामुळे पालकांचा आवाज तिथे चालतो. सुरुवातीला लिहून काढलेल्या त्या चार वेळा कागदावर घेऊन जा. पूर्ण शाळेचं वेळापत्रक बदलायला कुणी तयार होत नसेल तर फक्त पहिली-दुसरीसाठी एक महिना आधी खेळ मग जेवण करून बघू असं म्हणा, आणि त्या महिन्यात ताटात किती उरतं ते स्वयंपाकाच्या ताईंना विचारत राहा.