दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक नसेल त्या दिवशी

एक शिक्षक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा रजेवर गेला की पहिली ते चौथी एकाच खोलीत येते. मग तिसरी-चौथी फळ्यावरचं उतरवून काढते आणि पहिली नुसती बसून राहते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवलं आहे, म्हणजे दिवसाला 4 तास. असे 20 दिवस गेले की 80 तास, वर्षाचा दहावा हिस्सा, बुडाला.

यावर तयारी आधीच हवी. प्रत्येक इयत्तेचा एक खोका 3 दिवस पुरेल असा भरा: मागे उत्तर लिहिलेली 30 गणितकार्डं, 10 गोष्टींची पुस्तकं, लहान मुलांसाठी 120 काड्या आणि 12 रबरबँड. त्यात शिकवून झालेल्याचाच सराव ठेवा. नवा घटक कार्डावर दिला तर मुलं चुकीची रीत पक्की करून बसतात, आणि ती मोडायला जास्त वेळ जातो.

उदाहरणार्थ 52 वजा 27. एखाद्याने 35 लिहिलं, तर तो मोठ्या अंकातून लहान अंक काढतोय: 7 मधून 2, 5 मधून 2. त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे 5 गठ्ठे आणि 2 सुट्या काड्या ठेवा. एक गठ्ठा त्यालाच सोडू द्या. 12 मधून 7 गेल्या, राहिल्या 5. 4 गठ्ठ्यांतून 2 गेले, राहिले 2. उत्तर 25.

त्या दिवशी दोनच गट करा, पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी. 30 मिनिटं एका गटाला शिकवा, दुसरा खोक्यातलं काम करेल, मग अदलाबदल. लहान गट आधी घ्या, त्याला एकट्याने फार वेळ बसवत नाही. चौथीच्या मुलांना दिवसभर ‘छोटे गुरुजी’ करू नका. शिकणं त्यांचंही बुडतं. 15 मिनिटं वाचून दाखवणं पुरे.

जाणाऱ्या शिक्षकाने वहीत पान आणि उदाहरण क्रमांक लिहून जावं. ‘गणित सुरू आहे’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

परत आल्यावर पहिली 30 मिनिटं फक्त तपासणी. कोणी तपासत नाही हे कळलं की पुढच्या वेळी मुलं खोका उघडतच नाहीत.

बुडालेल्या तासिका विषय आणि कारणासह नोंदवा: रजा, प्रशिक्षण, बैठक, निवडणूक. महिन्याची बेरीज शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात घ्या आणि केंद्रप्रमुखांना, म्हणजे परिसरातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, द्या. शाळेबाहेरच्या कामाने किती तास खाल्ले हे तिथेच दिसतं, आणि सगळा दोष शिक्षकाच्या रजेवर येत नाही.