दिवाळीनंतरची खुडूक एकटी बसवू नका

भाऊबीज होते, पाहुणे परततात आणि आमच्या खटाव-माणच्या वस्त्यांवर घरोघरी एखादी तरी कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. खुराड्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसते, हात नेला की गुरगुरते, चोच मारते, दाणे टाकले तरी उठत नाही. घरची बाई साठवलेली अंडी मोजते, टोपलीत भुसा घालते आणि त्याच संध्याकाळी तिला बसवते. शेजारीण तिची खुडूक 10 दिवसांनी बसवते, पलीकडची पौषात. ही पद्धत यंदा बदला, असं मी हात जोडून सांगते. आळीतल्या सगळ्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवा.

मी गावात पशुसखी आहे. लस टोचायला घरोघरी फिरते, म्हणून कारण मला रोज दिसतं. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस 100 पिल्लांची, नाहीतर त्याहून मोठ्या बाटलीत येते. बाटली एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली दुसऱ्या दिवशी चालत नाही. एका घरी पिल्लं 10. त्या 10 पिल्लांसाठी कुणी बाटली फोडत नाही, आणि शेजारची पिल्लं तोवर अंड्यातच असतात. मग लस राहते. उन्हं तापायला लागली की मानमोडी येते आणि आठवडाभरात खुराडी ओस पडतात. हिरवट हगवण, तोंड उघडून श्वास, मान पिळवटलेली, पंख लोंबलेले. एकदा आली की तिच्यावर औषध नाही. आधी दिलेली लस हाच उपाय.

हिशोब सोपा आहे. 8 घरं, प्रत्येकी 12 अंडी, म्हणजे 96. त्यातून 70-75 पिल्लं निघाली तरी सगळी एका वयाची, आणि एका बाटलीत सगळ्यांचं भागतं.

कोंबड्या काही आपल्या सांगण्यावरून खुडूक होत नाहीत, हे खरं. पण जी आधी बसली तिच्याखाली कोळशाची खूण केलेली 2-3 जुनी अंडी ठेवली तर ती आठवडाभर बसून राहते. तोवर बाकीच्यांची अंडी जमतात आणि एक-दोन कोंबड्या आणखी बसतात. ज्या घरी खुडूकच नाही त्यांनी अंडी शेजारणीच्या कोंबडीखाली द्यावीत, पिल्लं वाटून घ्यावीत. उबवायची अंडी 7 दिवसांपेक्षा जुनी नकोत. ती धुवू नका, माठाजवळच्या गार जागी निमुळतं टोक खाली करून ठेवा. फार मोठं, फार बारकं, वेडंवाकडं अंडं घरात खा. हिवाळ्यात अंडं लवकर बिघडत नाही, म्हणून या दिवसांत उगवण चांगली मिळते. चैत्र-वैशाखात बसवलेल्यांचं तसं होत नाही.

एका कोंबडीखाली 10 ते 12 अंडी पुरेत. 15 ठेवली की थंडीच्या रात्री कडेची अंडी गार पडतात. टोपलीच्या तळाला चुलीची चाळलेली राख, वर कोरडा भुसा, थोडा कडुनिंबाचा पाला. बसवण्याआधी कोंबडीच्या पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी उवा आहेत का बघा. उवा असलेली कोंबडी चैन पडत नाही म्हणून वारंवार उठते. अंधार पडल्यावर बसवा, म्हणजे ती निमूट बसते. दाणा-पाणी जवळ ठेवा. दिवसातून एकदा ती उतरेल, विष्ठा टाकेल, धुळीत लोळेल आणि 15-20 मिनिटांत परत जाईल. उतरली नाहीच तर उचलून खाली सोडा.

सातव्या रात्री अंडी तपासा. मोबाईलची बॅटरी लावा, अंड्याचं रुंद टोक तिच्यावर टेकवा आणि आजूबाजूचा दिवा मालवा. आत जीव असेल तर मध्ये एक काळसर ठिपका आणि त्याच्यापासून चौफेर फुटलेल्या लाल रेषा दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. ठिपका मधूनच हलतो. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आमच्या आळीतल्या आज्जी कितीतरी वेळ अंडं हातातून सोडत नव्हत्या. आरपार पिवळं, स्वच्छ दिसलं तर ते अंडं फळलेलं नाही, काढून टाका. चौदाव्या दिवशी पुन्हा बघा. 18 दिवस झाले की मात्र हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी टवके उडतात. पिल्लू अर्धं बाहेर येऊन अडकलेलं दिसलं की टरफल सोलायचा मोह होतो. सोलू नका, रक्त येतं आणि पिल्लू जातं. त्याला त्याचा वेळ द्या.

निघालेलं पिल्लू पहिले दीड-दोन दिवस पोटातल्या बलकावर काढतं. म्हणून दाण्याची घाई नको, उबेची घाई करा. आईखाली असतील तर दिवा लागत नाही, पण तिला 10 दिवस तरी पिल्लांसह कोरड्या, वारा न लागणाऱ्या जागी डालग्याखाली ठेवा. लगेच मोकळी सोडली की ती पिल्लांना घेऊन दवात हिंडते आणि मागं राहिलेलं पिल्लू गारठतं.

आईविना पिल्लं वाढवणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून त्यांची एक दिवसाची पिल्लं विकत आणावी लागतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला 3 अंश कमी केली तरी चालते. आमच्याकडं मार्गशीर्षात, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेच्या सुमारास, पहाटे बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही. त्या रात्री पिल्लांना आपली गोधडी पुरत नाही.

साधा, तारेचा बल्ब वापरा. पिल्लामागं 2 वॅट धरा, म्हणजे 30 पिल्लांना 60 वॅटचा एक. कडाक्याच्या थंडीत दुसरा हाताशी ठेवा. एलईडी बल्ब लावू नका, तो उजेड देतो, ऊब देत नाही. माझ्या पहिल्या वर्षी मी तोच लावला होता. रात्री उजेड बघून समाधानानं झोपले. सकाळी पुठ्ठ्याच्या खोक्याच्या एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग होता आणि ढिगाखाली 9 मेलेली होती. थंडीनं ती एकमेकांवर चढली होती, खालची गुदमरली. तेव्हापासून मी चौकोनी खोकंही वापरत नाही. जुन्या कणगीचं गोल कडं किंवा पत्र्याची दीड फूट उंच पट्टी गोल उभी करा. कोपराच नसला तर ढीग होत नाही.

बल्ब किती उंच टांगायचा हे पिल्लं सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर खाली घ्या. कडेला पळून चोच उघडी ठेवत असतील तर वर घ्या. सगळीकडं पसरून निवांत झोपली असतील तर बरोबर. रात्री 2 वाजता उठून एकदा बघाच, तेव्हाच थंडी खरी कळते. एखादं पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावा. पाय गार लागले तर ते आतून गारठलंय. मागच्या बाजूला विष्ठा चिकटलेली दिसली तर कोमट पाण्यानं मऊ करून पुसा आणि कोरडं करूनच परत सोडा. ओढून काढलीत तर कातडी फाटते. वीज रात्री जाते हे धरूनच चला. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवल्या तर 2-3 तास निभावतात. निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, धुरानं पिल्लंही जातात आणि माणूसही.

खाली भाताचं तूस किंवा शेंगांची कोरडी टरफलं 2 इंच पसरा. नुसता पेपर घसरडा असतो, पिल्लांचे पाय फाकतात आणि ती अधू होतात. बुरशी आलेलं उसाचं चिपाड कुणी फुकट दिलं तरी आणू नका. तूस ओलं झालं की त्या दिवशीच बदला. ओल्या गादीवर रक्ती हगवण लागते. लाल विष्ठा दिसली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन पाण्यातून द्यायचं औषध आणा, घरगुती काढ्यावर दिवस घालवू नका.

पाणी उकळून कोमट केलेलं द्या, पहिल्या दिवशी लिटरला चमचाभर गूळ घालून. ताटली उथळ असावी आणि तिच्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्लं भिजतात, बुडतातही. पाण्यानंतर 3-4 तासांनी मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं तयार खाद्य. पहिल्या संध्याकाळी गळ्याखालची पिशवी बोटानं चाचपून बघा. भिजवलेल्या डाळीसारखी मऊ, भरलेली लागली तर पिल्लानं खाल्लंय. कडक लागली तर पाणी मिळालेलं नाही. रिकामी असेल तर त्याची चोच दाण्यात टेकवून द्या. तयार खाद्य महाग पडतं हे मला मान्य आहे, पण पहिले 6 आठवडे त्यात काटकसर करू नका. नुसत्या कण्यांवर वाढलेलं पिल्लू पुढं खुरटतंच. त्यानंतर भरडलेला मका-बाजरी, शेंगदाणा पेंड, शेवग्याचा पाला असं घरचं चालतं. पेंडीला कुबट वास आला, काळी-हिरवी बुरशी दिसली तर ती पिल्लांना नको आणि म्हशीलाही नको. आमच्या कोरड्या रानात एक स्वस्त खाद्य आहे: जुन्या मडक्यात ओलसर शेण, गोणपाटाचे तुकडे आणि काडीकचरा भरून वाळवी असलेल्या जागी पालथं ठेवा. एक-दोन दिवसांत वाळवी चढते. महिन्याच्या पिल्लांपुढं ते मडकं झटका आणि बघत राहा.

आता लस. सहाव्या-सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा, डोळ्यात एक थेंब. थेंब टाकल्यावर पिल्लानं पापणी मिटून तो आत घेईपर्यंत सोडायचं नाही. चौदाव्या दिवशी गंबोरो या पिल्लांच्या रोगाची, अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्यात देवीची, पंखाच्या पातळ कातडीत. आठव्या आठवड्यात मानमोडीचं इंजेक्शन, आणि त्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध. लस दुकानातून बर्फ घातलेल्या थर्मासात आणायची, खिशात घालून नाही. उन्हात गेलेली लस म्हणजे पाणीच. आजारी पिल्लांना देऊ नका. आमच्या आळीत एका घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर या सगळ्या तारखा लाल पेननं मांडतो आणि थर्मास पाळीपाळीनं एकेका घरी राहतो.

एवढं करून बाजारातली कोंबडी आणून सरळ कळपात सोडली तर केलेलं पाण्यात जातं. मी एकदा आठवडी बाजारातून एक देखणी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, आणली, संध्याकाळी खुराड्यात घातली. पाचव्या दिवशी ती मेली आणि तिच्या मागून घरच्या 14 कोंबड्या. नवा पक्षी 3 आठवडे वेगळा ठेवा, त्याचं पाण्याचं भांडंही वेगळं ठेवा. विकायला नेलेला कोंबडा न विकता परत आला तरी तोच नियम. ब्रॉयलरच्या शेडवर कामाला जाणाऱ्यांनी घरच्या पिल्लांकडं जाण्याआधी पाय धुवावेत, चप्पल बदलावी. आणि आळीत 2-3 घरी एकदम पक्षी मरायला लागले तर कापून खाऊ नका, ओढ्यात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. 2021 च्या जानेवारीत परभणीकडं बर्ड फ्लू आला होता, थंडीतच.

पिल्लं विकत घेणाऱ्यांनी शासनाच्या अंडी उबवणी केंद्रातून किंवा स्वतः जाऊन पाहिलेल्या ठिकाणाहूनच घ्यावीत. कोल्हापूरला मध्यवर्ती केंद्र आहे, पण तिथं नोंदणी आधी करावी लागते, तेव्हा वेळ हातात ठेवून विचारा. कडकनाथ या काळ्या कोंबडीच्या नावानं इस्लामपूर भागात 2019 साली किती घरांचे पैसे बुडाले ते सांगली-साताऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अंडी आम्हीच परत घेऊ, असं सांगून पिल्लं विकणाऱ्याला नाही म्हणा.

विक्रीचाही विचार आत्ताच करा. भाऊबिजेच्या आठवड्यात बसवलेली अंडी कार्तिक संपता-संपता फुटतात. त्यातले कोंबडे चैत्राच्या शेवटी-वैशाखात, गावोगावच्या यात्रांना, 5-6 महिन्यांचे होतात आणि तेव्हा गावरान कोंबड्याला दर विचारावा लागत नाही. ज्यांना आत्ता जमणार नाही त्यांनी पौषाच्या मध्यावर बसवावी, पिल्लं माघात निघतील आणि आखाडाला तयार होतील. पण तेव्हाही आळीनं मिळूनच. तलंगा मात्र विकू नका, त्या पुढच्या दिवाळीच्या खुडूक आहेत.

पिल्लं महिन्याची होईपर्यंत बाहेर नको. नंतर ऊन चढून दव वाळलं की सोडा आणि सूर्य मावळायच्या आत आत घ्या. अंगणावर जुनी मासेमारीची जाळी किंवा आडव्या-उभ्या दोऱ्या बांधल्या की घार खाली येत नाही. मुंगूस खालून येतं, म्हणून खुराड्याच्या तळाला चपटे दगड बसवा. रोज संध्याकाळी मोजून कडी लावा. एखादं कमी भरलं तर लगेच बॅटरी घेऊन कुडाच्या कडेनं शोधा, बहुतेक वेळा ते तिथंच चिवचिवत बसलेलं असतं.