कामावर इजा झाली? अपंगत्वाचे टक्के ठरवताना या चुका टाळा

21 नोव्हेंबर 2025 पूर्वीच्या अपघाताला 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागतो, त्यानंतरच्या अपघाताला सामाजिक सुरक्षा संहिता. इथे जुन्या कायद्याचे दावे घेतले आहेत. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असेल, तर वाट वेगळी: तिथे टक्के वैद्यकीय मंडळ ठरवतं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे सरकारी रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला जोडून निर्धास्त होणं. त्यावरचे टक्के शरीराचे असतात. कायदा विचारतो, कमाईची ताकद किती गेली? डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये 100 टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून डॉक्टरांना कामाचं स्वरूप लिहून द्या: किती किलो उचलावं लागतं, किती तास उभं राहावं लागतं, कोणतं मशीन चालवता. दाखल्यात 'कमाईची क्षमता अमुक टक्के कमी' असं स्पष्ट हवं. आणि ते डॉक्टर साक्षीला येतील का, हे आधीच विचारा.

बोटं, अंगठा, डोळा यांचे टक्के कायद्याच्या परिशिष्टात ठरलेले आहेत. पूर्ण तर्जनी 14, दोन पेरं 11, एक पेर 9, पण हाड न जाता नुसता शेंडा तुटला तर 5. डिस्चार्ज कार्डावर मात्र बहुधा 'तर्जनी चिरडली' एवढंच असतं. हाड गेल्याचा पुरावा म्हणजे एक्स-रे. फिल्म जपून ठेवा.

फरक किती पडतो ते पाहा. वय 30, पगार 15,000. पगाराचे 60 टक्के 9,000, गुणिले वयाचा गुणक 207.98, म्हणजे 18,71,820. त्याचे 9 टक्के 1,68,464. 5 टक्के 93,591. एका एक्स-रेमुळे जवळपास 75 हजारांचा फरक! पगार जास्त असला तरी 3 जानेवारी 2020 पासून हिशोब 15,000 वरच होतो.

बोट जागेवर आहे पण कायमचं पूर्ण निकामी झालंय? ते गेल्यासारखंच धरलं जातं, तशी मागणी करा. प्लास्टर असताना मात्र टक्के काढून घेऊ नका. सांधा किती वळतो ते तेव्हा कळतच नाही. पण अपघातापासून 2 वर्षांत अर्ज कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे पोहोचला पाहिजे.

मालकाने पुढे केलेल्या तडजोडीच्या कागदावर हे टक्के हातात येण्याआधी सही करू नका. करार आयुक्तांकडे नोंदवलेला नसेल, तर मालकाची पूर्ण भरपाईची जबाबदारी तशीच राहते.