शाल-श्रीफळ नको, मेसचं बिल भरा

मी अंबाजोगाईचा. जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त झालेले आम्ही दहा मास्तर गरिबाघरच्या लेकरांच्या पुढच्या शिक्षणासाठी दर महिन्याला प्रत्येकी ५०० रुपये काढतो. वर्षाचे ६०,००० होतात. तुमच्या गावात कुणाच्या मनात असं काही असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिल्या वर्षी आमचं चुकलं. ऊसतोड करणाऱ्या घरातल्या मुलीचा एमबीबीएसला नंबर लागला. आम्ही पारावर सत्कार केला, सगळी रक्कम एकदम हातात दिली. बरेच पैसे बापाच्या जुन्या देण्यात गेले. त्याचा काय दोष? देणेकरी दारातच बसलेले. पुढच्या वर्षी लेकरू एकवेळच जेवत होतं, हे आम्हाला दिवाळीत कळलं.

तेव्हापासून एकदा हात धरला की शेवटच्या परीक्षेपर्यंत सोडत नाही. एमबीबीएस साडेचार वर्षांचं. पुढे इंटर्नशिपला विद्यावेतन मिळतं. पाच जणांना चिमूट चिमूट वाटू नका, एकालाच पुरेल एवढं द्या. तेही दर महिन्याला, थेट मेसच्या खात्यावर. पावती वहीत चिकटवा आणि वही सगळ्यांना दाखवा.

सरकारचं काय मिळतं ते आधी बघा. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. पण मेस, पुस्तकं, ॲप्रन, स्टेथोस्कोप, गावी जायचं एसटीचं भाडं हे उरतंच. प्रवेशाच्या वेळी अनामत आणि इतर पैसे दोन-चार दिवसांत भरावे लागतात, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणारे शिष्यवृत्तीचे पैसे कितीतरी नंतर येतात. आमच्याकडे त्यासाठी २०,००० वेगळे ठेवलेले असतात. सावकाराचं दार याच आठवड्यात ठोठावलं जातं.

एम.एस्सी.च्या मुलांनाही विसरू नका. एमडी, एमएस करणाऱ्यांना निवासी डॉक्टर म्हणून विद्यावेतन असतं. संभाजीनगरला रसायनशास्त्र शिकणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला तसं काही नसतं, आणि त्याचा सत्कारही कुणी करत नाही. आमचा दुसरा विद्यार्थी तसाच आहे.

गावभर वर्गणी करायची असेल तर धर्मादाय कार्यालयात न्यासाची नोंदणी करून घ्या. देणगी बँकेतूनच घ्या. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर देणाऱ्याला प्राप्तिकरात सूट मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला तर ती नाहीच.

पैसे नसतील तर वेळ द्या. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, आधारला जोडलेलं खातं, यातलं एक राहिलं तरी अर्ज अडकतो. आमच्यातले एक गुरुजी लेकरांना घेऊन तहसीलला जातात. नीटच्या निकालाची वाट बघत नाहीत, एप्रिलमध्येच सुरुवात करतात.